जीजे-०६, चौतीस

सकाळी पावणेदहाला मुलाची गाडी बाहेर पडते
आणि पार्किंगमधला तेवढा चौकोन माझा होतो,
संध्याकाळी सातपर्यंत.
तेलाचा डाग, एक खांब, मीटरची पेटी,
आणि गटाराकडे जाणारा उतार
जो बिल्डरच्या नकाशात कुठेच नाही.

एकतीस वर्षं मकरपुऱ्यात ट्रेसिंग केलं.
यंत्रं दुसऱ्यांची, शाई माझी.
गियर, फ्लँज, बेअरिंगचा उभा छेद.
रेघ केसभर हलायची नाही.
पण हातात पाना
कधी कुणी दिला नाही.

टेबल करायचं ठरलं तेव्हा
पहिला प्रश्न लाकडाचा नव्हता.
सेक्रेटरी बिपिनभाईंची पाटी होती:
पार्किंगमध्ये कायमचं काही ठेवू नये.
कायमचं.
त्या शब्दाभोवती मी दोन दिवस फिरले
आणि पायांखाली पेन्सिलीने
चार गोल काढले.

चाकं हॉस्पिटलच्या खाटेची,
जशुभाई पंचालच्या भंगारातून, वजनावर.
दोघांना ब्रेक, दोन मोकाट,
त्यातलं एक डावीकडे ओढणारं.
"ऑपरेशन थिएटर बघून आलंय, बेन," जशुभाई म्हणाला,
"आता कशाला घाबरत नाही."

लाकूड पॅकिंगच्या खोक्यांचं.
रंधा मारला तसा देवदाराचा वास उठला
आणि एका पायावर छापलेला बाण राहिला:
ही बाजू वर.
तो पाय मी उलटा बसवला.
बाण आता फरशीकडे बोट दाखवतो.
बदलणार होते. सरस वाळला होता.

उंचीचं जशुभाईनेच सांगितलं:
ताठ उभ्या राहा, हात सैल सोडा,
मनगटाचं हाड जिथे येईल तिथे फळी.
सासऱ्यांनी बांधून घेतलेल्या ओट्याशी
मी सगळा संसार टाचा उचलून रांधला.
माझ्या मनगटापाशी येऊन थांबलेली
ही पहिली वस्तू.
चौतीस इंच.

खरं म्हणजे आधी एकोणचाळीस झालं होतं,
चाकं धरायची विसरले.
पाच-पाच इंच चारही पायांतून कापले.
कचेरीत अशी चूक झाली असती
तर साहेबांनी शीट फाडलं असतं.
इथे चार ठोकळे उरले.
एकाने दार अडवते.

मग सुचेल तसं.
लोणच्याच्या बरण्यांची झाकणं फळीला खालून स्क्रूने पक्की केली,
बरण्या त्यात फिरवून लटकवल्या;
अर्ध्या इंचाचे स्क्रू जिथे होते, तिथे अजून मेथीचा वास आहे.
जुन्या स्पीकरचं चुंबक कडेला, सांडलेल्या खिळ्यांसाठी.
उजवीकडे शेगडा, डावीकडे बिजागरीची पडती फळी,
लांब काम आलं की उचलायची.
उताराच्या बाजूच्या दोन पायांत ब्रेक.
हे कळायला एकदा टेबलामागे
गटारापर्यंत धावावं लागलं,
हातात करवत,
आणि वर गॅलरीत सगळी सोसायटी.

त्याच संध्याकाळी बिपिनभाई उतरले.
"आ शुं छे?"
"वाहन."
ते चारी बाजूंनी फिरले,
पायाने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला.
हसू आवरत म्हणाले,
"तो नंबर प्लेट क्यां छे?"

दुसऱ्या दिवशी पटाशी घेऊन बसले.
जीजे-०६ सगळ्या बडोद्याचं,
पुढचा आकडा माझा.
तीन जरा खोल गेला, चार तिरका.
ट्रेसिंग नव्हतं ना ते.

पावणेसातला पडती फळी खाली,
भुसा झाडूने एका कडेला,
अंगठ्याने दोन्ही ब्रेक वर,
आणि टेबल जिन्याखाली निघतं.
वॉशर घातला, तेल घातलं,
डावीकडे ओढायचं ते ओढतंच.
सरळ न्यायचं तर थोडं उजवीकडे ढकलायचं;
आता हाताला ते सांगावं लागत नाही.

खालच्या फळीवर बिपिनभाईंची खुर्ची आहे,
मोडक्या पायाची, गेल्या मंगळवारपासून.
कधी देता, म्हणून जिन्यातून विचारत होते.
ड्रिल चालू होतं.
मला ऐकू आलं नाही.