मूळ ठिकाण : अज्ञात

आठवड्यातून दोनदा मी कपाट उघडते.
सेन्योर एव्हारिस्तोंची ताकीद : ओलं फडकं चालणार नाही,
अंगठी काढून ठेवायची, एका वेळी एकच मडकं.

तिसऱ्या फळीवर पोटाला पोट जोडलेली दोन भांडी,
एकावर माकड, हातात कसलंसं फळ.
खाली टंकलेली चिठ्ठी :
चिमू. काळी माती. मूळ ठिकाण अज्ञात.

अज्ञात कसलं!
योन्तोपांच्या शेतामागचं तिसरं अल्गारोबोचं झाड,
गुड फ्रायडेची रात्र. त्या रात्री जमीन
मूठ सैल सोडते, म्हणायचे आमच्याकडे.
बाबांनी आधी सिगारेट पेटवून मातीत रोवली,
मक्याची दारू शिंपडली,
मग लांब सळई खुपसून कान लावला.
मी नऊ वर्षांची, कंदील धरायला.
कंदील टेकवून उगाच पुढे झाले
आणि माकडाचा कान माझ्याच खुरप्यानं उडाला.
बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले,
आता निम्मेच मिळतील.

निम्म्यात माझे शाळेचे बूट आले,
एक नंबर मोठे.
हाडंही होती तिथे. ती परत लोटली आम्ही,
त्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

आज सेन्योर दातांच्या डॉक्टरकडे गेलेत.
मी भांड्यात कपभर पाणी ओतलं, तिरकं केलं,
आणि माकडानं शिट्टी घातली,
बारीक, जराशी फुटकी,
कान नसलेल्या बाजूनं.

पाणी सांडलंय फळीवर. चिठ्ठीची शाई पसरतेय.
कोरडं फडकं पुरत नाही.