लॉट नंबर ४४१७

ड्रॉइंगवर फक्त स्प्रिंग दिसते.
तिच्याभोवतीचं सगळं झाकलेलं,
काळ्या पट्टीखाली कुठलंसं यंत्र, कुणाचं नाव.
आम्हाला कळवलंय एवढंच:
लांबी अकरा मिलिमीटर,
चुकीला जागा केसाच्या पाव जाडीएवढी.

वेर्ण्याच्या पठारावर, दुसऱ्या पाळीत,
मी भिंगाखाली वळसे मोजते.
शेजारच्या कुनी प्रधानला वाटतं, हे पेनात जातं.
सुपरवायझर म्हणतो, इंजेक्शनात.
ऑडिटला आलेल्या साहेबाला विचारलं,
तो छान हसला.

बाबांना निदान देश ठाऊक होता.
बावीस वर्षं बार्जवर खलाशी,
कापशेच्या धक्क्यावरून मुरगावपर्यंत मिनर,
तिथून जपान.
तिथं काय करतात हो आपल्या मातीचं?
"त्यांना लागते. आपल्याला काय."
परतीची बार्ज रिकामी असायची,
पाण्यावर इतकी उंच, की मला भीती वाटे.

आता तारेची बंडलं येतात
कोबे बंदराचा शिक्का मारून.
शक्यच नाही, तरी एकदा
कुणी बघत नाही असं पाहून मी वास घेतला.
तेलाचा आला.

चवथीच्या आठवड्यात लॉट परत आला.
बारा हजार नग, दोन शतांश लांब.
येण्या-जाण्याचं भाडं आमच्याच नावावर.
सगळे गप्प, मॅनेजर फोनवर,
आणि मी बघतच राहिले
इथून गेलेलं काही
परत आलेलं पहिल्यांदाच पाहत होते.

भंगार किलोवर गेलं.
एक स्प्रिंग माझ्या अंबाड्यात.
गेटवरचं यंत्र ओरडलं तसा
रखवालदार हेर्कुलान म्हणाला, "पिना गे तुझ्या,"
आणि चहाकडे वळला.

बाबांनी ती तळव्यावर घेतली, चष्मा शोधला.
"कितीला जाते?"
साठ पैशांना.
"आणि पुढं?"
पुढचं पट्टीखाली.
मग त्यांनी बार्जवरचा जुना टॉर्च उघडला,
गंजलेली काढून ही बसवली,
बुडावर दोन थापट्या मारल्या.

पेटला.
अंगणात जाऊन नदीकडे धरला,
पूर्वी पायलटला खूण करत तसा,
दोनदा लांब, एकदा आखूड.
पलीकडे काळोख, पाणी, एक खेकडेवाला.
थोडा वेळ उभे राहिले.
मग सेल वाचवायला
विझवला.