तुटलेलं टोक

जिन्यावर खालच्या बाजूला नेहमी मीच.
वरून विल्वे: "सावकाश, कालेव, तिच्या पायांना जप."
पेडलना ती पाय म्हणते. सात आहेत.

तार्तूमधलं बटाट्याचं जुनं गोदाम, बाहेर उणे अठरा,
आत दोन हीटर; म्हणजे सूर उतरणारच.
हार्पच्या तारांत ती काय काय अडकवते:
कपड्यांचे चिमटे, विणायची सुई,
एकदा माझं पार्किंगचं तिकीट. दंड मी भरला.

पहिल्या रांगेत मिर्तेल, वय अकरा,
नखं कुरतडलेली.
गुरुवारच्या शिकवणीत तिनं विचारलं होतं, "चुकलं का?"
"अजून संपलं नाही," विल्वे म्हणाली, "ऐक."
दोघी ऐकत बसल्या.
मी खिशातल्या किल्ल्या मुठीत आवळल्या,
वाजू नयेत म्हणून.

आज मध्येच तार तुटली. फटकन.
मागे कुणीतरी उभंच राहिलं.
विल्वेनं लोंबतं टोक चिमटीत धरलं,
लाकडावरून फिरवलं,
अंधारात कडी चाचपावी तसं,
मग कात्रीनं कापून मिर्तेलच्या हातात दिलं
आणि उरलेल्या सेहेचाळिसांकडे वळली.

पोरीनं एक टोक दाताखाली धरलं,
दुसरं ताणलं, छेडलं.
शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.
तिचे डोळे मात्र असे झाले
की सगळी कवटी घुमली असावी.

पुन्हा जिना. पुन्हा खाली मी.
"पाय," विल्वे म्हणाली.
मागून मिर्तेल, दातांत तार,
आईनं दोनदा हाक मारली
तरी तोंड उघडेना.