हातांचं माप

दर गुरुवारी, व्होरू गावच्या वाचनालयाच्या तळघरात
हेल्दुर आपलं टेबल मांडतो.
तीस वर्षं दूधसंघाची यंत्रं दुरुस्त केली,
आता शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर.
पाटी हातानं लिहिलेली :
जुनं मशीन फेकू नका, आधी मला दाखवा.

माइमु आली तेव्हा बाहेर तळं गोठलेलं होतं.
आजारी कोंबडी आणावी तसा
लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आणलेला.
दुकानातला मुलगा म्हणाला होता, हा संपला, नवा घ्या, सहाशे युरो.
हेल्दुरनं झाकण उघडलं, पंख्याचा आवाज ऐकला,
वैद्य नाडी धरतो तितका वेळ गप्प राहिला.
"संपला नाही. थकलाय.
आतलं सगळं काढू, हलकं काही घालू. लिनक्स.
पैसे नाहीत लागत."

"फुकटचं चीज," माइमु म्हणाली,
"फक्त उंदराच्या सापळ्यात असतं."

खरं आहे, तो म्हणाला,
म्हणून सापळे आधी सांगतो.
पानावरचं सगळ्यात मोठं हिरवं बटण
बहुधा खोटं असतं.
ज्यानं बनवलं त्याच्याच दारातून घ्यायचं,
रस्त्यावरच्या दलालाकडून नाही.
आणि 'पुढे, पुढे, पुढे' असं दाबत सुटायचं नाही,
मधल्या एखाद्या चौकटीत कुणीतरी आधीच
तुझ्या नावानं 'हो' म्हणून ठेवलेलं असतं.

मग पुस्तकाच्या पावतीच्या पाठीवर लिहिलं :
पत्रांना आणि हिशेबाला लिब्रेऑफिस.
फायरफॉक्स, आणि त्यात जाहिरातींना कडी लावणारं एक छोटं जोड.
पासवर्डांसाठी कीपास.
"पासवर्ड साखरेच्या डब्यात आहेत," ती म्हणाली.
त्यानं थोडा विचार केला
आणि कीपासवर काट मारली.
व्होरूत साखरेचे डबे उघडणारे चोर
अजून तरी नाहीत.

मग तिनं कोटाच्या आतल्या खिशातून
एक पेनड्राइव्ह काढला.
काल्यूचा आवाज आहे यात. अकरा वर्षं झाली.
कुठेच उघडत नाही. प्रत्येक खिडकी म्हणते,
आधी अमुक विकत घ्या.

हेल्दुरनं व्हीएलसी उतरवून घेतलं, दोन मिनिटांत.
रस्ता खणताना ठेवतात तसला नारिंगी शंकू पडद्यावर उभा राहिला,
जणू पुढे काम चालू आहे.

खरखर. शेगडीत लाकूड तडकलं. मग एक माणूस,
जरा चिडलेला :
"शून्य, चार, सात, सात, नऊ.
माइमु, लिहितेस ना? नऊ!"

विजेच्या मीटरचा आकडा.
एवढंच. एकोणीस सेकंद.

हेल्दुर म्हणाला, ऑडॅसिटी म्हणून एक आहे,
खरखर पुसून देतो.
"शेगडीला हात लावायचा नाही," ती म्हणाली.
पुन्हा लाव.
चौथ्यांदा तिनं पेन्सिल उचलून
पावतीवर आकडा लिहिला : ०४७७९.
त्या दिवशी लिहिला नव्हता म्हणे,
बटाटे उतू जात होते.

माझ्या भाषेत फुकट आणि मुक्त
दोन्ही ओठांवरूनच सुरू होतात.
म्हणून की काय, आम्हीही त्यांत घोळ घालतो.

निघताना तिनं पाकीट काढलं. हेल्दुरनं मान हलवली.
"मग हे बनवणाऱ्यांना तरी?"
त्यांना मी ओळखत नाही, तो म्हणाला.
कुणी नोकरीवरून घरी येऊन, रात्री,
पोरं झोपल्यावर लिहितात.
कुठल्या कुठल्या देशांत.
दान द्यायचं बटण आहे, पण कार्ड लागतं.

कार्ड नव्हतं तिच्याकडे. लोकर होती.
"त्यांच्या हातांचं माप काय?"

हेल्दुर हसणार होता, हसला नाही.
कळफलकावर आपला पंजा पसरला,
आणि माइमुनं
पिशवीतून टेप काढून
आधी अंगठा मोजला.