उसनं चाक

पन्हाळी पत्र्यासारखा रस्ता,
त्यावर सकाळपासून दातांचा ताशा वाजवत आलो
आणि अक-बायतालचा घाट उतरल्यावर
मागचं चाक एकदम गप्प झालं.

ट्यूब वॉल्व्हच्या मुळाशीच फाटलेली.
तिथे पॅच बसत नाही हे मला
ओशमध्ये गाडी भाड्याने देताना
रखमतने हसत हसत सांगितलं होतं,
जादा ट्यूब मात्र दिली नव्हती.
(मीही मागितली नव्हती. वजन नको म्हणून.
पुस्तकं तीन घेतली होती.)

चार हजार मीटरवर पंप मारणं म्हणजे
आपली छाती रिकामी करून
दुसऱ्याची भरणं.
तरी मारला. वारा आत गेला तसा
फुस्स करून वाऱ्यात मिसळला.

डावीकडे चीनच्या कुंपणाची तार, मैलोगणती.
उजवीकडे काहीच नाही, तेही मैलोगणती.
घड्याळात दोन; म्हणजे दुशान्बेचे दोन,
मुर्गाबची माणसं ओशच्या वेळेने जेवतात,
त्यांचे तीन.
दोन्ही वेळांना रस्त्यावर कोणीच नव्हतं.

मग आधी गाढव आलं.
अडला हरी म्हणतात तो मी, आणि हे ते पाय,
चारही धुळीने पांढरे.
पाठीवर तेरेस्केनच्या काटक्यांचा भारा,
भाऱ्यामागे सायरागुल,
तिच्यामागे नातू, नाक पुसत.

तिने चाकाला लाथ मारली,
डॉक्टर पोटावर बोटं वाजवतो तशी,
कान देऊन.
"जोक," म्हणाली.
नाही.
किरगिझमधला एवढा एकच शब्द मला येत होता.

नातवाला तिने पिटाळलं, टेकाडापल्याड.
तो गोणी ओढत परत आला.
गोणीत नमद्याचे तुकडे: लाल, निळे,
बहुतेक मातकट; एकावर काळ्या ऑइलचा डाग,
आणि जळक्या रबराचा वास.
तेव्हा मी त्यावर विचार केला नाही.
थंडीने बोटं माझी राहिली नव्हती.

टायरमध्ये नमदा भरत बसलो,
लिव्हरने, चमच्याने, शेवटी अंगठ्याने,
गादी भरणाऱ्या पिंजाऱ्यासारखे.
मला वाटायचं, झालं, भरलं.
ती टाच दाबायची, आणि आत
आणखी एका मुठीची जागा निघायची.
असं पाच वेळा. सहाव्यांदा
माझी टोपीही आत गेली.

मी पैसे काढले. तिने नोटा पाहिल्या,
माझ्याकडे पाहिलं,
आणि फाटक्या ट्यूबकडे बोट केलं.
दिली.
तिथेच मांडीवर धरून सुरीने कापली:
एक कडं दुधाच्या बरणीला,
दोन पट्टे भाऱ्याला,
लांबडा तुकडा नातवाच्या गलोलीला.
गाढव अजून जागचं हललंही नव्हतं,
आणि माझं संकट त्यांच्या घरी कामाला लागलं होतं.

मुर्गाबपर्यंत वीसच्या वेगाने,
मेंढीच्या चालीने.
कुठे खड्डा आला की चाक खोकायचं.
अंधार पडला, कुत्री भुंकली,
मग दिवा, मग दुसरा.

बाजार म्हणजे जुन्या कंटेनरांची रांग.
त्यातल्या एकात एर्मेक.
टायर उघडून त्याने लोकर बाहेर ओढली,
गरम, जळलेल्या केसांच्या वासाची,
आणि जराही नवल न करता
पत्र्यावर पसरली,
वर दगड ठेवला.
टोपी झटकून माझ्या हातात दिली.
"सायरागुल?"
मी मान हलवली.
त्याने तीन बोटं दाखवली. ह्या उन्हाळ्यातली तिसरी खेप.
बुधवारी ट्रक वर जातो, त्यातून गोणी परत जाईल.

मी मोडक्या रशियनमध्ये विचारलं,
ती स्वतः कधी येते खाली?

एर्मेकने ट्यूब पाण्यात दाबली,
बुडबुडा येतो का पाहत राहिला.
चार वर्षं झाली, म्हणाला.
लोकर येते.