हयातीचा दाखला

मौन म्हणजे संमती, असं धरून चालतात माणसं.
इथला कायदा उलटा आहे, वेर्ना, तुला माहीतच होतं:
जो बोलला नाही, तो नाही म्हणाला.

नोव्हेंबरात वीस दिवस एक फोन नंबर उघडा असतो.
होसाठी एक दाबा, नाहीसाठी दोन.
काहीच दाबलं नाही तर ते दोनच.
विस्कॉन्सिनमधल्या या नदीकाठच्या गावात
शाळांची आम्ही त्रेचाळीस माणसं,
स्वयंपाकघरातली, बसवरची, झाडूवाली, बॉयलरवाला मी,
संघटना अजून जिवंत आहे
हे दर साली नव्याने सिद्ध करतो,
म्हाताऱ्याने पेन्शनीसाठी
हयातीचा दाखला द्यावा तसं.
बावीस मतं लागतात.

त्या फेब्रुवारीत मॅडिसनला
राजधानीच्या घुमटाखाली, थंडगार संगमरवरावर
बूट उशाला घेऊन तू सहा रात्री झोपलीस.
बाकीचे ढोल वाजवत होते.
तू घरून विजेचं मोठं भांडं आणलं होतंस
आणि पहिल्याच तासात प्लग कुठे आहे ते शोधलंस.
भाषण केलं नाहीस.
मुलगी जिन्यावर बसून अपूर्णांक सोडवत होती.
कायदा रात्री झाला. आपण भांडं धुऊन परत आणलं.

तुझा भाऊ लायल त्याच वर्षी जेवणाच्या टेबलावर म्हणाला,
कागदाची गिरणी बंद पडली, माझी पेन्शन बुडाली,
तेव्हा कोण आलं होतं ढोल घेऊन?
तू त्याच्याकडे बटाटे सरकवलेस.
दुसऱ्या दिवशी बॉयलरपाशी येऊन मला म्हणालीस,
त्याला काय सांगायला हवं होतं रे?
मला तेव्हाही सुचलं नाही.

वाफेच्या कढईशेजारचा तो पंखा
तू अकरा तासांच्या घासाघिशीत मिळवलास.
साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.
तू म्हणालीस, नाही.
साहेब म्हणाले, खिडकी उघडा.
तू म्हणालीस, नाही, आणि स्वेटर विणत बसलीस.
आता पंख्यावर बोलायला मनाई.
मूळ पगारावर बोला,
तेही महागाईच्या रेघेच्या आत.

या वर्षीची मतं मी
बॉयलर-खोलीतल्या कॅलेंडरच्या पाठीवर मोजली.
रात्रपाळीचा पाओ झे लोर
बर्फात उभा राहून तीनदा फोन लावत होता,
हातमोज्यातून बटण दाबलं जाईना
म्हणून त्याने मोजा दातात धरला.
बसवाला क्वाम म्हणाला, विसरलो.
मग म्हणाला, वर्गणी तरी वाचली.
मग उगाच बसच्या काचा पुसत राहिला.

निकालाचं पत्र एका पानाचं.
हो: एकवीस.
दोन कुणीच दाबलं नव्हतं, एकानेही नाही.
पण न बोललेले बावीस,
आणि त्या बावीसात तू.

मी फोन केला. म्हटलं,
वेर्ना श्लिमगेन नोव्हेंबरच्या दोन तारखेला वारली.
पलीकडचा मुलगा चांगला होता, वाईट वाटलं म्हणाला.
यादी त्याआधीची आहे, म्हणाला.
मी म्हटलं, अहो, तुम्ही तिला ओळखत नाही.
तो म्हणाला, सर, तिने मत दिलं नाही.

जन्मभर साहेबांना नाही म्हणालीस,
आणि मेल्यावर, वेर्ना, आम्हाला.
पाओ झेला हे सांगितलं तर तो आधी हसला,
मग बराच वेळ बादलीत फडका पिळत बसला.
त्यांच्याकडे, म्हणाला, मेलेल्यालासुद्धा वाट सांगावी लागते,
कुठल्या कुठल्या गावांतून परत जायचं ते,
कुणीतरी बसून, मोठ्याने.

साडेचारला बॉयलर लावला.
पाइप नेहमीसारखे ठोकत उठले.
तुझा ॲप्रन खुंटीवर आहे, कुणी काढलेला नाही.
पंखा किरकिरायला लागलाय.
कुठल्या कलमात बसतं बघितलं नाही,
स्टुलावर चढून तेल घातलं.