डबा आणि सीताफळ

दसरा झाल्यावरचा बुधवार.
हलकं धान कापणीला आलेलं,
म्हणून सतरंजीवर अकराच आया.
माझ्या टेबलावर दोन वस्तू:
वडशाच्या लग्नातून धोटे केटररकडे उरलेला
हिरव्या मटारचा डबा,
आणि नाल्याकाठचं एक सीताफळ,
डोळे उघडलेलं, देठाशी जरा फाटलेलं.

विषय वरून आलेला: पोषणमूल्यांची तुलना.

डब्याचं सोपं असतं. तो आपणहून बोलतो.
बारावी झालेल्या वनमालानं वाचून दाखवलं:
शंभर ग्रॅममागे ऊर्जा सत्तर, प्रथिनं चार,
तंतू इतके, मीठ इतकं,
कोणत्या दिवशी भरला, कुठवर टिकेल.
माझ्याबद्दल एवढं
माझ्या रेशनकार्डावरही लिहिलेलं नाही.

मग तिनं सीताफळ उचललं,
उलटंपालटं केलं.
"बाई, याच्यावर तं काईच नाई लिवलं."

बाया हसल्या. मीही हसले.
पण फळ्यावर एका बाजूला आकड्यांची रांग,
दुसऱ्या बाजूला नुसतं नाव,
आणि खडू हातात तसाच.

प्रशिक्षणात ऐकलं होतं तेवढं सांगितलं:
क जीवनसत्त्वाला आच सोसत नाही,
डब्यात बंद होता होता मटार उकळून निघतो,
झाडावरून आलेल्यात ते शाबूत असतं.
साखर याच्यात जास्त, प्रथिनं त्याच्यात.
मिठाचं पाणी ओतून द्यायचं.

"आन् बिया?" सुगंधा मडावीनं विचारलं.
खरंच.
साल काढा, बिया थुंका,
अर्धंच फळ पोटात जातं.
"आन् चैतात?" ती काही थांबेना.
"चैतात कुठचं सीताफळ, बाई?
डबा चैतातबी डबाच."

मी तेही फळ्यावर लिहिलं.
कोणत्या बाजूला लिहायचं होतं,
ते मला अजून कळलेलं नाही.

डबा उघडायला कुणाकडे काही नव्हतं.
शेवटी मदतनीस कौसल्येनं विळ्याचं टोक टेकवून
वर वरवंटा हाणला.
मिठाचं पाणी थेट माझ्या रजिस्टरवर.
मटार मऊ, किंचित पत्र्याच्या वासाचा.
पोट्ट्यांनी चिमटीनं वेचून संपवला,
वाटीही चाटली. खोटं कशाला सांगू.

आणि टेबलावरचं सीताफळ गायब.

ते वजनाच्या वेळी सापडलं.
सुगंधाचा अंशुल, दीड वर्षाचा,
काट्याच्या झोळीत लटकलेला,
फळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून. सोडेचना.
काटा आठ किलो आठशेवर.
तीन महिने पिवळ्या पट्ट्यात रखडलेलं पोर
हिरव्याच्या उंबऱ्यात.

सुगंधा माझ्याकडे बघत होती,
मी काट्याकडे.
पेनात शाई होती, रकाना रिकामा होता,
सुपरवायझर मॅडम कुरखेड्यात होत्या.

पाव किलोचं असेल, मी मनाशी म्हटलं.
त्याच्यावर लिहिलेलं नव्हतं,
म्हणून बोटं उकलून घेतलं, काट्याला लावलं.
पाव किलोच निघालं.
वजा केलं.
हातात होतं ते, पोटात नव्हतं अजून.

मग ओट्यावर बसून फोडलं,
एकेक पाकळी सोलून त्याच्या तोंडात,
बी माझ्या ओंजळीत.
एकतीस निघाल्या.
फळाच्या बाजूला, नावाखाली,
त्या दिवशी मी तेवढाच आकडा लिहिला.